सगळीकडे चालणारे टायर

आमच्या पिकअपचे टायर निवडायला जेवढे दिवस लागले, तेवढे माझं लग्न ठरवायला लागले नव्हते. लग्न एका बैठकीत उरकलं होतं. मुलगी पाहिली, चहा झाला, सुपारी फुटली आणि पाहुणे उठले. टायरांसाठी मात्र अख्खा आषाढ गेला, घरातल्या आणि गावातल्या प्रत्येक पुरुषाचं मत घेऊन झालं, आणि शेवटी जे टायर घरी आले ते आठवले की मला आजही तेव्हासारखाच राग येतो.

दोन हजार सालाच्या आगेमागे घडलेली ही गोष्ट आहे. आमचं गाव आर्वीपासून थोडं आत. शेत अर्धं बरड, म्हणजे मुरमाड, दगडगोट्यांचं. आणि अर्धं काळ्या मातीचं. या बरड भागात विहिरीच्या अंगाला एक तुकडा होता, तिथे मी संत्र्याच्या कलमांची नर्सरी केली होती. हे काम मी माहेरून शिकून आले होते. माझं माहेर नदीपलीकडचं, तिथे पोरीबाळींना स्वयंपाकाच्या आधी कलमाचा डोळा भरता येतो. जंबेरीचं, म्हणजे जंगली लिंबाचं, रोप वाढवायचं, त्यावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बांधायचा, वर्षभर जपायचं आणि पावसाळ्यात मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट खणून गिऱ्हाइकाला द्यायचं. सांगायला सोपं आहे.

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हा उद्योग मुळातच पटलेला नव्हता. विहिरीजवळची जमीन झाडांची पोरं वाढवण्यात घालवायची, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. तरी त्यांनी नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, "दोन पावसाळे पाहू. नाई जमलं त सोयाबीन." पहिला पावसाळा फसला होता. हा दुसरा होता. मामाजी शब्दाचे पक्के, त्यामुळे हा पावसाळाही फसला तर माझा तुकडा नांगराखाली जाणार, हे मला रोज सकाळी डोळे उघडताच आठवायचं.

पहिला पावसाळा कलमांमुळे फसला नव्हता, गाडीमुळे फसला होता. नदीपलीकडचे मोठे नर्सरीवाले गिऱ्हाइकाच्या थेट बांधावर कलमं नेऊन टाकायचे, म्हणून आम्हालाही तसं करणं भाग होतं. माझ्या नवऱ्याने त्यासाठी एक जुनी पिकअप घेतली होती. गाडी बरी होती, पण तिचे टायर घासून गोटा झालेले. संत्रं लावतात पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात आमच्याकडची पांदण, म्हणजे शेतांमधून जाणारी बैलबंडीची वाट, काय होते ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. काळी माती पायाला धरते ती सोडत नाही. चप्पल काढून हातात घेतली तरी तळपायाला दुसरी चप्पल तयार होते. तिथे गाडी घातली की फसायची, आणि मग नवरा चिखल तुडवत जवळच्या शेतात जायचा आणि कुणाची तरी बैलजोडी मागून आणायचा.

बैलं यायची, गाडीला दोर बांधला जायचा, गाडी निघायची. पण फुकट निघायची नाही. बैलवाला दर वेळी काहीतरी बोलायचा. नदीकाठच्या गावातला एक जण तर नेहमीचाच झाला होता, त्याच्या पांढऱ्या जोडीने आमची गाडी त्या एका पावसाळ्यात इतक्यांदा ओढली की बैलंसुद्धा आम्हाला ओळखायला लागली असावीत. तो नवऱ्याला म्हणायचा, "गाडीले बैलच लागते त गाडी काऊन घेतली भाऊ?" मनाने चांगला माणूस, हसत हसत म्हणायचा. नवराही हसायचा. पण घरी परतताना गिअर असा टाकायचा की मला गिअरची दया यायची.

तेव्हा दुसऱ्या पावसाळ्याला टायर बदलायचे हे ठरलं, यात वाद नव्हता. वाद पुढे सुरू झाला.

मामाजींचं म्हणणं, नवीन कशाला, आहेत तेच रिमोल्ड करून घ्या, नवं रबर चढवा, झालं. नवऱ्याला मोठे, रुंद, दणकट, जाड ठोकळ्यांचे टायर पाहिजे होते. त्याला पुन्हा कधीही बैल मागायला जायचं नव्हतं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. हे त्याने तोंडाने कधी सांगितलं नाही, पण न सांगताही मला दिसत होतं. पानठेल्यावरचे सगळे आपापलं ज्ञान पाजळत होते. एकाचा साळा नागपूरला ट्रकवर होता म्हणून तो टायरांतला जाणता. दुसऱ्याने कधीकाळी वनखात्याच्या जीपमधून प्रवास केला होता म्हणून तोही जाणता. नवरा रोज संध्याकाळी तिथून नवीन मत घेऊन यायचा आणि जेवताना मामाजींसमोर मांडायचा. मी वाढत असायचे. माझ्या ताटवाढीत आणि टायरात काही संबंध असेल, असं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

मला काय पाहिजे होतं ते मी सांगते, कारण तेव्हा कुणी ऐकून घेतलं नाही. मला मऊ टायर पाहिजे होता. गाडी काळ्या मातीत फसते हे खरं, पण फसली तर उशीर होतो, कलम मरत नाही. कलम मरतं बरडावर. आमच्या शेतातून डांबरी सडकेपर्यंतची वाट सगळी दगडगोट्यांची. ताठ, कडक टायर दगडावर चढला की मागचा हौदा उडतो आणि धाडकन खाली येतो. मुळांभोवती तरटात बांधलेला मातीचा गोळा आतल्या आत फुटतो. वरून काही दिसत नाही. पानं हिरवीगार असतात, गिऱ्हाईक खुशीने लावतं, आणि पंधरवड्याने झाड वाळून काडी होतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, तुमचं कलमच खराब. पहिल्या पावसाळ्यात तसंच झालं होतं, आणि मामाजींनी तो दोष माझ्या हाताला दिला होता. माझ्या हाताला! ज्या हाताने भरलेला डोळा सहसा वाया जात नसे.

म्हणून मी नवऱ्याला म्हणत होते की साधे, थोडे अरुंद टायर घ्या, भार सहन करतील पण नरम चालतील असे. आणि काळ्या मातीत गाडी घालायचीच नाही. सडकेवर उभी करायची, पुढे बैलबंडी सांगायची आणि कलमं बंडीतून न्यायची. बंडी हळू जाते, गोळा जसाच्या तसा राहतो. यावर नवरा म्हणायचा, पाहू. आमच्या घरात पाहू म्हणजे नाही.

टायर घ्यायला आम्ही वर्ध्याला पहिल्यांदा गेलो तो शनिवार होता. शनिवारी लोखंड घ्यायचं नसतं, हे मामाजी कटाक्षाने पाळायचे. पण टायर रबराचा, म्हणून चालतो, असा विचार करून ते स्वतःच बरोबर आले. दुकानदाराने चांगले टायर काढून दाखवले, आणि मालाची तारीफ करता करता सांगून बसला की काका, याच्या आत पोलादी तार आहे. मामाजी खुर्चीवरून उठले. तार म्हणजे लोखंडच की. दुकानदाराने पुष्कळ समजावलं, बिनतारेचे नायलॉनचेही दाखवले, पण मामाजींना आता साऱ्याच दुकानाचा संशय आला होता. आम्ही हात हलवत परत आलो. येण्याजाण्यात दिवस गेला, नर्सरीतलं पाणी चुकलं आणि संध्याकाळी मी एकटी ओळींना पाणी देत बसले.

दुसऱ्यांदा गेलो ते सावंगीच्या बाजूच्या एका दुकानात. तिथे सावंगीच्या मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या कुणा पोराची उघडी जीप उभी होती आणि तिला टायर चढवणं चाललं होतं. काय टायर होते ते! रुंद, काळे कुळकुळीत, अंगभर ठोकळे आणि बाजूवर पांढरी अक्षरं. ती जीप कॉलेजपासून चहाच्या टपरीपर्यंत जाणार आणि परत येणार, तिला आयुष्यात चिखल दिसणार नव्हता. पण नवरा त्या टायरांकडे असा पाहत उभा राहिला की मी मनात म्हटलं, संपलं.

दुकानदाराने गिऱ्हाईक बरोबर ओळखलं. म्हणाला, हा सगळीकडे चालणारा टायर आहे. डांबर म्हणा, मुरूम म्हणा, चिखल म्हणा, रेती म्हणा, कुठंच अडत नाही. मला आर्वीच्या बाजारात चादर पसरून बसणारा औषधवाला आठवला. त्याच्याही एकाच बाटलीने दात, सांधे, पोट आणि केस सगळं बरं व्हायचं. मामाजींनी टायरावर काठी मारून पाहिली, मग अंगठा दाबून पाहिला. अंगठा आत गेला नाही तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. जो टायर दबत नाही तो चांगला, हा त्यांचा हिशेब. आणि माझा नेमका उलटा.

मी दुकानदाराला विचारलं की भरलेली गाडी दगडावरून नेली तर हा टायर हादरे किती देतो, आमच्या कलमाचे मातीचे गोळे असतात, ते फुटतील का. दुकानदाराने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसून म्हणाला, "वहिनी, टायर फुटते का ते विचारा. माती फुटते का ते माले काय विचारता?"

टायर चढवणारी माणसं हसली. मामाजी हसले. नवराही हसला, थोडासाच, पण हसला. मी पुन्हा विचारायला तोंड उघडलं तर मामाजी शांतपणे म्हणाले, "सूनबाई, तू गाडीत जाऊन बैस. हे माणसाईचं काम आहे."

मी गाडीत जाऊन बसले. रागाने माझे कान तापले होते. ज्या मालासाठी गाडी, ज्या गाडीसाठी टायर, तो माल माझा होता, तो मीच वाढवला होता, आणि मी काचेतून चारचौघांचं बोलणं तोंडाच्या हालचालींवरून ओळखत बसले होते. मामाजी ओरडले असते तर मीही काहीतरी बोलले असते. ते ओरडले नाहीत. पाण्याचा तांब्या मागावा तसं त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं आणि मी गेले.

टायर चढले. परतीच्या वाटेवर डांबरी सडकेवर ते एकसारखे घुमत होते, दळण चालू असल्यासारखे. नवऱ्याला तो आवाज फार आवडला. घरी पोचल्यावर मामाजींनी नारळ आणला आणि मला सांगितलं की टायरांना हळदकुंकू लाव. मी लावलं. चारही टायरांना लावलं, फुलं वाहिली, हात जोडले. हात जोडताना मी मनात काय म्हटलं ते देवाला ठाऊक, आणि त्याने ते ऐकलं असावं असं पुढच्या प्रकारावरून वाटतं.

सुरुवातीला नवऱ्याचे दिवस मजेत गेले. रिकामी गाडी तो मुद्दाम नाल्याच्या दरडीवरून, गोट्यांवरून न्यायचा आणि ती बकरीसारखी चढून जायची. पानठेल्यावर टायरांचं प्रदर्शन झालं. पाऊसही त्या दिवसांत ओढलेलाच होता, म्हणून काळ्या मातीची गाठ पडली नाही. मग श्रावण संपता संपता झड लागली, आणि त्याच वेळी नदीकाठच्या एका शेतकऱ्याचा एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला. त्याने नवीन विहीर बांधली होती, बागेसाठी खड्डे खणून ठेवले होते, आणि आमच्याकडे पूर्ण गाडीभर कलमं सांगितली होती. निरोप असा की खड्डे भिजले, लवकर आणा, नाहीतर मी नदीपलीकडून बोलावतो.

हीच ती एक मोठी विक्री होती जिच्यावर माझा तुकडा टिकणार होता. मी दोन बायांना घेऊन कलमं खणली, एकेक गोळा ओल्या तरटात बांधला. खणलेलं कलम फार थांबत नाही. पण कलमं बांधून झाली आणि उद्या पोळा.

मी म्हटलं, पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा पोरांचा तान्हा पोळा हे दोन दिवस जाऊ द्या, सावलीत ठेवून पाणी मारते, टिकतील. पोळ्याला गाडी फसली तर ओढायला कोण येणार? बैलांच्या सणाला बैल जुंपत नाहीत, हे आमच्याकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. वर्षभर राबणाऱ्या जनावराचा तो एक दिवस. नवरा म्हणाला, "आता बैलाची गरज कोणाले आहे?" त्याच्या बोलण्यात एवढा आनंद होता की मला पुढे बोलवेना. आज वाटतं, त्याला पोळ्याच्याच दिवशी जायचं होतं. ज्या दिवशी कुणाचाच बैल मिळणार नाही, त्या दिवशी भरली गाडी त्या पांदणीतून काढून दाखवायची होती.

आम्ही दोघं सकाळी निघालो. बरडावरच्या वाटेवर गाडी दगडांवरून उड्या घेत गेली. प्रत्येक उडीला मी मागे वळून पाहत होते, आणि नवरा मला सांगत होता की बघ, कुठं अडते का. मी दोनदा म्हटलं हळू घ्या. त्याने हळू घेतलीही, पण तो टायर हळूनेसुद्धा तसाच आदळायचा. डांबरी आली, घुमत घुमत गेलो, आणि नदीकडच्या पांदणीत वळलो.

पांदणीत गाडी जेमतेम दोन शेतं गेली असेल. त्या सुंदर ठोकळ्यांमधल्या फटी काळ्या मातीने भरल्या, माती गवत धरून घट्ट झाली, आणि टायर सारवलेल्या भिंतीसारखे गुळगुळीत झाले. आमचे गोटा झालेले टायर बरे होते म्हणायची पाळी आली. चाकं जागच्या जागी फिरत राहिली आणि गाडी खाली खाली गेली. टायर रुंद, त्यामुळे वरच्या मडगार्डमध्ये आणि टायरात जागा कमी. तिथेही माती ठासून भरली आणि शेवटी चाक फिरायचंच बंद झालं. नवरा खाली उतरला, चाक काढायच्या टॉमीने माती खरवडली, कुणाच्या कुंपणाच्या तुराट्या उपसून चाकाखाली घातल्या, परत बसला, परत फिरवली. चिखल उडून काचेवर आला. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मी खाली उभी होते आणि माझं लुगडं गुडघ्यापर्यंत काळं झालं होतं.

आणि मग बैलं यायला लागली. नदीवर धुवून आणलेली बैलं घरी नेण्याची ती वेळ, आणि वाट ही एकच. पांढरीशुभ्र, ओली, चकचकीत बैलं, आणि त्यांच्या वाटेत मधोमध आमची गाडी. आमच्या चाकांनी पांदण अशी उखणली होती की धुतलेल्या बैलांचे पाय पोटापर्यंत भरत होते. माणसं वैतागून बैलं बांधावरून, पिकाच्या कडेने घालत होती आणि आमच्याकडे पाहत होती. कुणी वाईट बोललं नाही. सणाचा दिवस होता म्हणून बोलले नसतील.

शेवटी नेहमीचा तो पांढऱ्या जोडीवाला आला. थांबला. गाडी पाहिली, नवे टायर पाहिले. या वेळी तो हसला नाही, आणि नवऱ्याने मान वर केली नाही. मला वाटलं, नवरा काही विचारणार नाही. पण हौद्यात माझी कलमं होती, ऊन वर येत होतं, आणि त्याने विचारलं. म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे, तेवढी ओढून द्या. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की मला त्याची दयाही आली आणि रागही आला. अशा दिवशी असं मागायची पाळी त्याने स्वतःच आणली होती.

बैलवाल्याने जोडीच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "आज नाई होत भाऊ. आज मी याईच्या पाया पडतो, आज याईच्या खांद्यावर जू कसं ठेवू? उद्या तान्हा पोळा. परवा सकाळी येतो, बोलवाची गरज नाई."

बोलणं अगदी रास्त होतं. त्यावर रागावताही येईना, आणि मला तर कुणावर तरी रागावायचं होतं.

मी हौद्यावर चढले आणि कलमं खाली द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाचं शेत तिथून दिसत होतं, चालत नेऊ म्हटलं. पहिलं कलम उचललं आणि तरटाच्या आत माती सैल हलली. दुसरं उचललं, तेही. गाठ सोडून पाहिलं तर गोळ्याचा भुगा, आणि मुळं उघडी. हौद्याच्या मागच्या भागातली, चाकांच्या वरची, सगळी तशीच. ही कलमं चिखलाने मारली नव्हती. ती सकाळीच, बरडावर, जिथे हे टायर बकरीसारखे चढत होते तिथेच मेली होती. मी नवऱ्याला हाक मारली नाही. तो भुगा त्याच्या हातात दिला. तो तरट परत बांधायला लागला, जसं काही बांधल्याने ते जुळणार होतं. मग सोडून दिलं.

चांगली निघालेली कलमं आम्ही दोघांनी हातांत, खांद्यावर घेऊन चिखलातून त्या शेतापर्यंत पोचवली. किती खेपा झाल्या ते आता सांगवत नाही. शेतकऱ्याने सणाचं ताट बाजूला सारून प्रत्येक गोळा दाबून पाहिला, चांगले ठेवून घेतले, आणि उरलेल्यांसाठी नदीपलीकडे निरोप पाठवतो म्हणाला. आम्हाला जेवायला बसवलं. पुरणपोळी होती. मी अर्धी ताटातच ठेवली. गाडी पांदणीतच सोडून आम्ही सडकेपर्यंत चालत आलो आणि मिळेल त्या वाहनाने घरी पोचलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या जोडीने गाडी काढून दिली. बैलवाला एक शब्द बोलला नाही, आणि नवऱ्याला तेच जास्त लागलं असावं. फुटक्या गोळ्यांची कलमं हौद्यात तशीच होती. ती घेऊन आम्ही घरी आलो. पानं अजून हिरवी होती.

मामाजी अंगणात बाजेवर बसले होते. ते उठले, हौद्यात डोकावले, एक कलम उचललं, तरट सोडलं, आणि भुगा खाली पडू दिला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले की मी म्हटलंच होतं, हे आपलं काम नाही. तुकडा रिकामा करा, पुढच्या सालापासून तिथं सोयाबीन.

मी नवऱ्याकडे पाहिलं. या घरात आल्यापासून मी हेच पाहत आले होते की मामाजी बोलले की नवरा जमिनीकडे बघतो. दुकानात बघितलं होतं, जेवताना बघितलं होतं. आताही तो जमिनीकडेच बघत होता. माझं सगळं वर्ष, ओळीने लावलेली जंबेरी, उन्हाळ्यातलं डोक्यावरून आणलेलं पाणी, सगळं त्या अंगणात पडल्या पडल्या संपत होतं, आणि बोलायला मी आणि अंगणातली कोंबडी, दोघींनाही सारखीच परवानगी होती.

नवरा म्हणाला, "टायर मी घेतले बाबा. तिनं नको म्हटलं होतं. गोळे टायरानं फुटले, तिच्या हातानं नाई. तुकडा तिचाच राहीन."

मला वाटलं, मामाजी आता भडकतील. मी तयार होऊन उभी होते. मामाजी गाडीभोवती फिरले. चिखलाने माखलेल्या टायरावर त्यांनी काठी मारली, अंगठा दाबला. मग बाजेवर जाऊन बसले, पानाचा डबा उघडला, आणि अगदी सहज, जणू हे त्यांचं पहिल्यापासूनचंच मत होतं अशा थाटात म्हणाले, "मंग पहिलेच तिले विचारून घ्याचं होतं ना. तिले समजते त्यातलं."

तुकडा राहिला. जिंकणं म्हणतात ते हेच असेल. पण त्या क्षणी माझ्या अंगाची अशी आग झाली की मी बादली उचलली आणि विहिरीकडे चालू लागले. तिथे थांबले असते तर काय बोलले असते ते माझं मलाच माहीत.